अडाणी शेण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या दाजींकडे बोट दाखवीन. आईवडिलांनी त्यांच्यापाशी होतं तेवढं सगळं दिलं; पण ते फार नव्हतं, आणि त्यात शाळा तर नव्हतीच. शाळेत बसवलं ते थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं.

एक्क्याऐंशी साली आठवीसाठी मी जालन्याला आलो. दाजी तेव्हा मस्तगड भागात बियाण्याच्या एका दुकानात पोती वाहायचे. दुकानामागच्या खोलीत आक्का, दाजी आणि त्यांचं तान्हं लेकरू राहत होतं. त्यात आता मी. दाजी स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, अक्षराला अक्षर लावून वाचायचे. माझा अभ्यास झाला की नाही हे तपासायची त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. संध्याकाळी ते जेवायला बसले की मी समोर उभं राहून त्या दिवशीचा धडा म्हणायचा. मी काय म्हणतोय ते त्यांना कळायचंच असं नाही. ते खाली मान घालून जेवायचे, कान माझ्याकडे. मी थांबलो, चाचरलो, "म्हणजे... म्हणजे..." करायला लागलो की घास हातात तसाच धरून विचारायचे, "अडकलं का?"

अडकलं म्हणजे अभ्यास झाला नाही. नाही अडकलं म्हणजे झाला.

या पद्धतीनं मी हुशार किती झालो ते पुढं दिसेलच, पण न अडकता बोलायला पक्का शिकलो. वनस्पती अन्न कसं तयार करतात ते आठवेनासं झालं की मी आवाज न बदलता पानिपतच्या लढाईत शिरायचो. हरितद्रव्यापाशी आलेला सूर्यप्रकाश भाऊसाहेबांच्या हत्तीवर जाऊन पडायचा. दाजी समाधानानं ताटात हात धुवायचे आणि आक्काला म्हणायचे, "बघ, पाण्यावानी बोलून राह्यला."

पुढं परभणीला शिकून मी पशुवैद्यकाची पदवी घेतली. आमच्या दोन्ही घरांतला पहिला पदवीधर. दाजींनी गावभर सांगितलं, मेव्हणा डॉक्टर झाला. कुणीतरी खोचकपणे विचारलं, "कशाचा डॉक्टर?" दाजी म्हणाले, "ढोरांचा. माणसाच्या डॉक्टरला काय, पेशंटच सांगतो कुठं दुखतं ते. ह्याला बैलाच्या मनातलं वळखावं लागतं." बैलाच्या मनातलं मला तेव्हाही ओळखता येत नव्हतं आणि आजही येत नाही; पण दाजींचं वाक्य मी मुलाखतीत वापरलं आणि नोकरी लागली.

नोकरी लागली ती धावड्याच्या बाजूला, भोकरदन तालुक्यात. तोवर दाजी जालना सोडून आपल्या गावी, कुंभार पिंपळगावच्या पलीकडं शेती करायला परतले होते. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ते. मध्ये जालन्याला एसटी बदलायची. आठवड्याला पत्र आणि सणासुदीला भेट, एवढाच संबंध.

दाजींची मोसंबी चांगली आली, पण गावात त्यांना मान मिळेना. शहरात पोती वाहायला गेलेला माणूस, याला शेतीतलं काय कळणार, असं पारावरचे जुने लोक धरून चालायचे. दाजी बोलायला लागले की कुणीतरी बिडी पेटवायचं आणि बाकीचे त्या बिडीकडे बघायचे. मी डॉक्टर झाल्यावर थोडा फरक पडला. आता त्यांचं अर्धं बोलणं होईपर्यंत लोक थांबायचे.

उरलेलं अर्धं मी मिळवून देणार होतो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास आमच्याकडं गांडूळखताची हवा आली. मी एका प्रशिक्षणाला जाऊन आलो आणि परत आलो तो दुसराच माणूस होऊन. भिजवलेल्या गोणपाटात गांडुळं बांधून मी एसटीनं दाजींच्या गावी निघालो. कंडक्टरनं विचारलं, "पिशवीत काय आहे?" मी म्हणालो, "शेतकऱ्याचं भविष्य." त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि मला मागच्या सीटवर पाठवलं.

मारुतीच्या ओट्यावर मी तासभर बोललो. कुठंच अडकलो नाही. शेवटी दाजी उठले आणि म्हणाले, "माह्या मेव्हण्याचा शब्द म्हंजे माहा शब्द. बिघडलं तर त्याला धुंडू नका, तो लांब ऱ्हातो. मला धरा."

लोकांनी गांडुळांचे वाफे घातले. लिंबाखाली, गोठ्यामागं, जिथं सावली मिळाली तिथं. आक्कानं सगळ्यात मोठा वाफा घातला आणि त्यावर रोज पाणी शिंपडायला लागली. गांडुळं वाढली. चहाच्या पावडरीसारखं काळं, भुसभुशीत खत निघालं. दाजींचं पत्र आलं. त्यात पिकापाण्याचं एक वाक्य होतं आणि बाकी सगळं हे, की पारावर ते बोलत होते आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत कुणी बिडी काढली नाही.

इथं थांबलो असतो तर मी आजही त्या गावात मान वर करून फिरलो असतो. पण पुढच्या पोळ्याला मी रजा काढून आलो.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. सकाळी बैल ओढ्यावर नेऊन धुतात, संध्याकाळी त्यांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर जू वाहून सुजलेल्या खांद्याची ही माफी असते. मला मात्र त्यात दुसरंच दिसलं. सगळ्या गावाची जनावरं एकाच दिवशी, एकाच ओढ्यावर! जंताचं औषध पाजायला दारोदार फिरायची गरज नाही. मी बैलांबरोबर गाई-म्हशी आणि वासरंही आणायला सांगितली. बांबूच्या नळ्या घेऊन आम्ही ओढ्यात उभे राहिलो आणि येईल त्या जनावराच्या घशात औषध ओतलं. मी ओलाचिंब, शर्टावर बैलाची लाळ, आणि वरून घोषणा देत होतो, "बैलाचा सण, जंताचं मरण!" घोषणाही माझीच.

एकच घर आलं नाही. आक्काच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी आपली बैलजोडी आणि गाय ओढ्याच्या दुसऱ्या अंगाला नेऊन धुतली. मी समजवायला गेलो तर म्हणाल्या, "आवतण द्यायच्या दिशी कडू पाजतेत व्हय रे? तुह्या घरी पावण्याला असंच करतेत का?"

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल जमले तेव्हा मला पुन्हा बोलायला सांगितलं, म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं, मीच उभा राहिलो. अंधश्रद्धेपायी आपल्या मुक्या जनावरांना औषधापासून वंचित ठेवणाऱ्यांचं उदाहरण मी दिलं. नाव घेतलं नाही, पण हात काकूंच्या गोठ्याकडं होता.

मग मी धावड्याला परत आलो. गणपती बसले, महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या. आणि एका दुपारी दाजी दवाखान्याच्या दारात उभे राहिले. न कळवता, दोन एसट्या बदलून. हातात त्यांचा जुना जेवणाचा डबा होता. मी म्हणालो, "आक्कानं काय पाठवलंय?"

त्यांनी डबा टेबलावर ठेवून उघडला. आत शेण होतं आणि शेणात मेलेली गांडुळं. फिकी, सुजल्यासारखी, एकमेकांत गुंतून गोळा झालेली.

"सगळ्या गावात हेच," दाजी म्हणाले. "जी मेली न्हाईत ती वाफ्याच्या भिंती चढून पळाली. गावातल्या कोंबड्या सकाळपासून वाफ्यापाशी बसून राह्यल्यात. इतक्या माजल्यात की बोलावल्या तरी येत न्हाईत. आता सांगा तुम्ही, काय झालं?"

त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं, तेवढ्यावरनं मला प्रकरण समजायला हवं होतं. दाजी मला जन्मात कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. पण माझं तोंड तोवर सुरू झालं होतं. मी उन्हाबद्दल बोललो. पाणी जास्त झालं असेल म्हणालो, मग कमी झालं असेल म्हणालो. मुंग्यांवर बराच वेळ बोललो. दाजी खाली मान घालून ऐकत होते, जसे जेवताना ऐकायचे.

तेवढ्यात एक शेतकरी वासरू घेऊन आला. पोट मोठं, केस उभे, पाय काड्यांसारखे. मुंग्यांवरून न थांबता मी त्याच्याकडं वळलो. "जंत झालेत. हे औषध पाजा. घाबरू नका, औषध अंगात राहत नाही. पोटातले जंत मारतं आणि शेणावाटे बाहेर..."

पुढचा शब्द आला नाही. समोर बाटली, बाटलीपलीकडं डबा. बाटलीतलं औषध पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्या गावाला पाजलं होतं, आणि सगळ्या गावाचं शेण थंड करून वाफ्यावर घाला असंही मीच सांगितलं होतं. गावानं माझी दोन्ही भाषणं तंतोतंत पाळली होती. गावात एखादा तरी आळशी असता तर थोडी गांडुळं वाचली असती.

"अडकलं का?" दाजींनी विचारलं.

कित्येक वर्षांनी त्यांनी हे विचारलं होतं. मी मान हलवली. शेतकरी म्हणाला, "साहेब, बाहेर काय?" मी त्याला औषध दिलं आणि शेण उकिरड्यावर वेगळं टाकायला सांगितलं. माझ्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो.

दाजींना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "पारावर मी बसलो का आता लोक म्हंतेत, मेव्हण्याला बोलवा, कोंबड्यांची भूक भागली का पुसायचंय. लोकाईला मी म्हणलं होतं, मला धरा. तर धरून राह्यलेत. बराबर आहे त्यांचं. पण मी आता तिथं बोलायचं काय?"

मी रजा काढली आणि त्यांच्याबरोबरच निघालो.

एसटीत माझ्या डोक्यात उपाय तयार झाला. शेण फेकून चालणार नव्हतं, मोसंबीला, कापसाला खत कुठून आणायचं? त्यातलं औषध उतरवायला हवं. ते उष्णतेनं आणि कुजण्यानं मोडतं एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणजे वाचलं असावं असं मला वाटत होतं. दाजींच्या शेतात आम्ही त्या शेणाचा ढीग रचला. शेणाचा एक थर, तुरीच्या भुसाचा आणि चिपाडांचा एक थर, पाणी, पुन्हा शेण. वर माती आणि गोणपाट. मधोमध लोखंडी पहार खुपसून ठेवली. काही दिवसांत पहार उपसली की हाताला चटका बसायला लागला. मग ढीग फावड्यानं उलथायचा, आतलं बाहेर, बाहेरचं आत, पाणी मारायचं, परत झाकायचं. पहिल्या उलथणीला वाफ माझ्या तोंडावर आली आणि चष्मा पुसायला म्हणून मी मागं सरलो तो ढिगावरून खाली. शेजारच्या शेतातून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, तुम्ही बी कुजून राह्यले का?"

पण औषध उतरलं की नाही हे कळायचं कसं? तपासायची यंत्रं मी कॉलेजातही लांबूनच पाहिली होती. शेवटी मला डब्यातलं आठवलं: जी जगली ती पळाली होती. म्हणजे गांडुळांना कळतं. घमेल्यात मधोमध पत्रा उभा करायचा, एका अंगाला ढिगातलं शेण, दुसऱ्या अंगाला औषध न लागलेलं शेण भरायचं. पत्रा काढून घ्यायचा, मधल्या रेषेवर कोंबड्यांच्या तावडीतून वाचलेली मूठभर गांडुळं सोडायची, ओलं गोणपाट टाकायचं आणि सकाळी बघायचं, कुठल्या घरात गेली.

पद्धत मला फार आवडली. मी आक्कापुढं तिचं वर्णन करत होतो तेव्हा तिनं विचारलं, "औषध न लागलेलं शेण आणतो कुठून?"

सगळ्या गावात खात्रीनं तसं शेण एकाच गोठ्यात होतं.

काकू अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. मी घमेलं मागं लपवून उभा राहिलो. हवापाण्याचं बोललो. बैलांची तब्येत विचारली. त्यांनी मला बरंच बोलू दिलं.

"शेण पायजे का?" शेवटी त्याच म्हणाल्या.

"हो, काकू."

"माहं अडाणी शेण चालंल का तुला? त्याला औषध बी ठावं न्हाई आन भाषण बी न्हाई."

"तेच पाहिजे, काकू."

"मंग घे की. वाकून घे, कंबर काय मोडत न्हाई." आणि मी वाकल्यावर म्हणाल्या, "गाईला तेवढं बघ बरं. खाती पण अंगी लागंना." गाय बघितली. जंत झाले होते. म्हातारीचा विरोध औषधाला नव्हता, पोळ्याच्या दिवसाला होता. पोळा होऊन गेला होता, त्यामुळे औषध पाजायला ती एका पायावर तयार होती. मीच हात जोडले, "काकू, थोडे दिवस थांबा. तुमच्या शेणावर गावाचं अडून आहे."

पहिल्या सकाळी गोणपाट उचललं तर एकजात सगळी गांडुळं काकूंच्या शेणात. बघायला माणसं जमली होती. दाजी म्हणाले, "पावणे घर बघून गेले. नकार आला." लोक हसले. त्या दिवसापासून घमेल्याचं नावच सोयरीक पडलं. कुणी रस्त्यात भेटलं की विचारायचं, "काय हो, जमली का?" आणि दाजी सांगायचे, "न्हाई, मुलीकडच्यांना वास पसंत न्हाई."

माझी रजा संपली, मी धावड्याला परतलो. ढीग उलथायचं, घमेलं लावायचं काम दाजी-आक्का करत राहिले. एक दिवस दाजींचा निरोप आला: काही पाहुणे आपल्या अंगाला राहिले. पण आता गावातले बाकीचे लोक विचारत होते, आमच्या ढिगाचं काय? गांडुळं परत कधी सोडायची? दाजींच्या तोंडावर त्यांचा विश्वास नव्हता आणि माझ्या तोंडावर तर मुळीच नव्हता. दाजींनी कळवलं, "लिहून दे. पारावर वाचतो. ह्या खेपेला बी बिघडलं तर मी तिथं बसायचं सोडलं."

मी जीव ओतून लिहिलं. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की पशुविष्ठेतील औषधी अवशेषांच्या निराकरणार्थ..." अशी सुरुवात होती, आणि शेवटपर्यंत ती पातळी मी सोडली नव्हती. किती दिवसांत औषध उतरतं तेही ठासून लिहिलं होतं. आकडा मला त्या क्षणी सुचला होता.

चार दिवसांनी तोच कागद एसटीच्या कंडक्टरच्या हाती परत आला. मागं दाजींचं ठसठशीत, वेडंवाकडं अक्षर होतं: "वाचलं. वाचताना मी वाक्यावाक्याला अडकलो. लिहिताना तू एकदा बी अडकला न्हाईस. म्हणून कोणी इश्वास ठेवला न्हाई. परत लिही."

मग मी परत लिहिलं. ते पत्र आक्कानं जपून ठेवलं होतं, म्हणून इथं देता येतं.

"दाजी, नमस्कार. हे मोठ्यानं वाचा, काकूंना कमी ऐकू येतं.

मंडळी, पोळ्याला औषध मी पाजलं, आणि ते शेण वाफ्यावर घालायला मीच सांगितलं. दाजी म्हणाले होते मला धरा. त्यांना सोडा. मी येत्या बाजारच्या दिवशी पारावर येऊन बसतो, मला धरा.

जंताचं औषध वाईट नाही. वासरांना ते लागतंच. पण सगळ्या गावाला एका दिवशी पाजू नका, आणि सणाच्या दिवशी तर नकोच. काकूंचं बरोबर होतं. पाळी लावून पाजा. पाजलेल्या जनावराचं शेण वेगळं टाका, वाफ्यापासून लांब.

ज्यांच्याकडं पोळ्याचं शेण आहे त्यांनी दाजींसारखा ढीग घाला. पहार गरम लागली पाहिजे. ढीग उलथत राहा, कोरडा पडू देऊ नका. थंड झाला की दाजींकडून घमेलं न्या आणि काकूंकडून शेण. काकू, देताना लोकांना बोला पण द्या. गांडुळं दोन्हीकडं सारखी राहिली, आणि पुढंही तिथंच राहून खायला लागली, तर वाफा भरा. एका बाजूला पळाली तर थांबा. प्रत्येकाच्या ढिगाचं वेगळं बघा, शेजाऱ्याचं जमलं म्हणून आपलं जमलं असं नाही.

आता किती दिवस लागतील ते. मागच्या कागदात मी आकडा दिला होता. तो खोडा. मी पुस्तकं काढून बघितली, वरच्या साहेबांना विचारलं. आपल्या ढिगात, आपल्या हवेत हे औषध किती दिवसांत उतरतं ते कुणी पक्कं सांगितलं नाही. मलाही माहीत नाही.

दाजी, तुम्ही मला उभं करून धडे म्हणायला लावायचात, त्यातले निम्मे मला येत नव्हते. हरितद्रव्याचा धडा तर मी पुरा कधीच म्हटला नाही, त्यात पानिपत होतं. तुम्ही घास हातात धरून थांबायचात, म्हणून मी आज इथवर आलो. तेवढं थांबणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.

इथं अडकलं, दाजी."